कोकणातल्या उष्णतेला वीज म्हणू नका

कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून रायगडातले उन्हेरे आणि सव, रत्नागिरीतले उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते थेट राजापूरपर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीतून गरम पाणी वर येते. देशभरात असे तीनशेहून अधिक झरे नोंदलेले आहेत आणि त्यांच्यामागच्या उष्णतेतून १० हजार मेगावॅट वीज मिळू शकेल, असा अंदाज सरकारी कागदांत वर्षानुवर्षे छापला जातो. केनियासारखा विकसनशील देश आपली जवळपास निम्मी वीज जमिनीखालच्या वाफेतून काढतो. मग आपले अडते कुठे? कोळसा नको, धूर नको, ऊन-वाऱ्याची वाट पाहणे नको. हवी फक्त सरकारची इच्छाशक्ती. या मांडणीत डोंगरातल्या अंधारलेल्या गावांचा हवालाही हटकून दिला जातो. तीच कसोटी मान्य करू. पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जवळ येतात तिथल्या कुडपणला ही वीज कितपत उपयोगी पडेल, एवढे एकच तपासले तरी या मांडणीचा एकेक दुवा सुटत जातो.

त्यात खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. जमिनीतल्या उष्णतेतून वीज मिळते, यात शंका घेण्याजोगे काही नाही. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ साली अशा वाफेवर पाच दिवे पेटवले गेले आणि १९१३ मध्ये तिथेच पहिले व्यापारी वीजकेंद्र सुरू झाले. आज इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे दोन आशियाई देश या ऊर्जेत जगात आघाडीवर आहेत. ही केंद्रे दिवसरात्र चालतात, थोडक्या जागेत मावतात आणि कोळशाच्या मानाने हवा फारच कमी बिघडवतात. तेव्हा या ऊर्जेची थट्टा करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो उष्णता आणि वीज या दोन गोष्टी एकच समजण्याला. उष्णतेची वीज करता येते. पण किती होईल, हे त्या उष्णतेचे तापमान, तिची खोली आणि भोवतालचा गारवा ठरवतो. या तिन्ही बाबतींत कोकण केनिया नाही, आइसलँड तर मुळीच नाही. म्हणून कोकणातल्या या उष्णतेचा उपयोग उष्णता म्हणूनच केला पाहिजे. तिची वीज करण्याचा हट्ट धरला तर वीजही पदरात पडणार नाही आणि उष्णताही वाया जाईल.

केनियाचे उदाहरण पुढे करणारे त्या देशाखाली काय आहे ते सांगत नाहीत. पूर्व आफ्रिकेचे भूकवच तिथे ताणले जाऊन फाटत आहे. त्या महाखचदरीत तप्त शिलारस तुलनेने उथळ पातळीपर्यंत आलेला आहे आणि तिथल्या ओल्कारिया या भूऔष्णिक क्षेत्रातल्या विहिरींमध्ये तीनशे अंशांच्या वरचे तापमान मिळते. असे असूनही तिथे काही रातोरात घडले नाही. पहिले खोदकाम १९५० च्या दशकात झाले आणि १५ मेगावॅटचा पहिला संच १९८१ मध्ये चालू झाला. मधली पाव शतकाची वर्षे चाचण्यांत, कोरड्या विहिरींत आणि पैसा उभा करण्यात गेली. पुढे २००८ मध्ये सरकारने संपूर्ण स्वतःच्या मालकीची कंपनी काढली आणि खोदकामाची जोखीम तिच्या डोक्यावर टाकली, कारण विहिरीत वाफ लागेल की नाही हे माहीत नसताना खासगी भांडवल पुढे येत नव्हते. केनियाकडून धडा घ्यायचाच तर तो असा आहे: निसर्गाने हातात हुकमी पान दिले असतानाही एका विकसनशील देशाला पंचवीस वर्षे आणि सरकारी तिजोरी लागली. ज्याच्या हातात ते पान नाही, त्याने नुसती इच्छाशक्ती दाखवून काय होणार?

कोकणाच्या हातात काय आहे, ते आता अंदाजाने बोलायचे कारण उरलेले नाही. दख्खनचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे हे खरे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची धग केव्हाच विझली आहे. झऱ्यांचे पाणी तापते ते ज्वालामुखीमुळे नव्हे. पावसाचे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. म्हणूनच कुंडांतले पाणी बहुतेक ठिकाणी ४० ते ६० अंशांच्या दरम्यान असते आणि सर्वांत गरम म्हणून गणल्या जाणाऱ्या उन्हवऱ्याला ७० अंशांच्या आसपास. पाण्यात विरघळलेल्या क्षारांवरून खोलातल्या तापमानाचे जे अंदाज बांधले गेले, ते शंभर अंशांच्या वर जातात खरे, पण दीडशेच्या आतच राहतात. याहून पक्का पुरावा कोयनेच्या परिसरात आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथे गोठणे या गावी तीन किलोमीटर खोल विवर घेतले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइटी खडक लागला. तीन किलोमीटरवरही तापमान उकळत्या पाण्याच्या खालीच होते. किलोमीटरमागे वाढ साधारण वीस अंशांची. जगाच्या सरासरीहून ती कमीच भरते. या हिशेबाने दीडशे अंशांचा खडक गाठायला सहा किलोमीटर खाली जावे लागेल. याच सह्याद्रीच्या रांगेत उत्तरेकडे कुडपण आहे. त्याच्या पोटात वेगळी भट्टी पेटलेली आहे, असे मानायला आज तरी आधार नाही.

यावर जाणकार म्हणवणारे एक उत्तर देतात आणि ते हलके घेऊन चालणार नाही. अलास्कातल्या चेना या ठिकाणी २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. पाण्यापेक्षा कमी तापमानाला उकळणारा द्रव गरम पाण्याने उकळवायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि तो द्रव पुन्हा थंड करून वापरायचा. चेनाला जमते तर उन्हवऱ्याला का नाही? कारण टर्बाइन फिरते ते गरम आणि गार यांच्यातल्या फरकावर, आणि चेनाला गार पाणी मिळते ते ४ अंशांचे. तिथे फरक सत्तर अंशांचा. कोकणातली हवा आणि नदीचे पाणी २८-३० अंशांवर, म्हणजे फरक चाळीसचा. भौतिकशास्त्राने घालून दिलेली कमाल मर्यादाच चेनाला २० टक्के आणि कोकणात १२ टक्के येते. प्रत्यक्षातले यंत्र या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पोचते, म्हणजे आपल्याकडे चार-पाच टक्के. समजा सेकंदाला दहा लिटर, ७० अंशांचे पाणी मिळाले आणि ते ५० अंशांपर्यंत उतरवले. त्यातून सुमारे साडेआठशे किलोवॅट उष्णता निघेल. वीज मात्र पस्तीस-चाळीस किलोवॅट. पंपांचा खर्च वजा जाता हाती तीसेक किलोवॅट उरले तरी पुष्कळ. वर्षाला तेवढे युनिट द्यायला पावणेदोनशे किलोवॅटचे सौर पॅनेल लागतील आणि आजच्या दराने ते साधारण एक कोटी रुपयांत उभे राहतील. एका खोल बोअरलाच त्याहून कितीतरी अधिक पैसा लागतो. तेलंगणात मणुगुरूला कोळसापट्ट्यातल्या गरम पाण्यावर जो प्रायोगिक संच उभारला, तो २० किलोवॅटचा आहे. प्रयोग म्हणून त्याचे मोल आहे, पण वीजधोरण म्हणून नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो: सौर पॅनेलचे कौतुक पोलादपूरच्या पावसात कसले करता? जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, आणि जमिनीतली उष्णता मात्र पावसातही चोवीस तास हजर असते. आक्षेप बिनतोड वाटतो. पण कुडपणसारख्या गावात पावसाळ्यात वीज का जाते, हे विचारले की त्यातली हवा निघून जाते. ती जाते कारण झाड तारेवर पडते, खांब वाहून जातो, घाटात दरड येते आणि दुरुस्तीची गाडी पोचत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले, तळियेत दरडीने ऐंशीहून अधिक माणसे गाडली आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही डोंगर खाली आला. त्या दिवसांत राज्यात वीज कमी तयार होत होती म्हणून ही गावे अंधारात नव्हती. सावित्रीकाठी सवला उद्या भूऔष्णिक केंद्र उभे राहिले तरी त्याची वीज वर कुडपणला त्याच तारांनी, त्याच खांबांवरून जाणार. तार तुटली की केंद्र चालू असून उपयोग नाही. आणि पावसाळ्यात सौर वीज घटते तेव्हा याच डोंगरातल्या ओढ्यांना जोर असतो. एखाद्या वाडीपुरता छोटा जलविद्युत संच नेमका त्याच महिन्यांत चालतो. सौर पॅनेल, बॅटरी आणि ओढ्यावरचे जनित्र ही सांगड गावातच वीज करते, म्हणून ती तारेच्या भरवशावर राहत नाही. चोवीस तासांची वीज हवी असेल तर ती ज्या वाटेने येते ती वाट आधी पक्की केली पाहिजे.

रायगड जिल्ह्याला तर हा धडा शंभर वर्षे जुना आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. सह्याद्रीवर अडवलेले पाणी रायगडात उतरले, वीज झाली आणि मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. दक्षिणेला कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीजकेंद्रे उशाशी असणे आणि घरात दिवा लागणे यांचा परस्परसंबंध किती तोकडा असतो, हे या डोंगररांगेइतके कुणाला कळावे? तरीही प्रत्येक नव्या ऊर्जेच्या वेळी निर्मिती झाली की गावाचे भले होईल, हेच गृहीतक पुन्हा चालवले जाते. भूऔष्णिक वीज त्याला अपवाद ठरेल, असे म्हणणाऱ्याने ती कुठल्या फीडरवरून, कुणाच्या खर्चाने आणि दुरुस्तीच्या कोणत्या बांधिलकीने पोचेल ते आधी सांगावे.

तिसरा आक्षेप नव्या तंत्रज्ञानाचा. झरे नसले तरी चालते, असे सांगितले जाते. खोल, कोरड्या, तप्त खडकात दाबाने पाणी सोडून भेगा पाडायच्या आणि तापलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून वर आणायचे. अमेरिकेत युटामध्ये याचे प्रयोग यशाकडे जात आहेत, हे खरे आहे. पण तिथे अडीच-तीन किलोमीटरवर दोनशे अंशांच्या वरचा खडक आहे. कोयनेला त्याच खोलीवर त्याच्या निम्मेही तापमान नाही. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये १५ नोव्हेंबर २०१७ ला मोठा भूकंप झाला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये निष्कर्ष काढला की जवळच्या भूऔष्णिक प्रकल्पात खडकात सोडलेल्या पाण्याने तो घडवला. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्येही २००६ साली धक्के बसल्यावर असाच प्रकल्प थांबवावा लागला. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे आणि धरणाच्या जलाशयाशी जोडलेले धक्के तिथे अजून थांबलेले नाहीत. ज्या भागात साठलेल्या पाण्याच्या दाबाने भूगर्भ हलतो, त्याच्या शेजारी खडकात जोराने पाणी घुसवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी पुराव्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घ्यावे. डोंगर पावसानेच खचतात अशा तालुक्यात हे ओझे दुप्पट होते.

राहता राहिला तो १० हजार मेगावॅटचा आकडा. तो खोदून मोजलेला साठा नव्हे. झऱ्यांची तापमाने, खडकांचे आकारमान आणि काही गृहीतके यांवरून केलेला ढोबळ अंदाज आहे, आणि त्यातले जे खरोखर तापलेले आहे ते मुख्यतः हिमालयात आहे. आकडा शंभर टक्के खरा ठरला तरी देशाची स्थापित वीजक्षमता आता ५०० गिगावॅटच्या आसपास पोचली आहे. तिच्यापुढे हा वाटा दोन टक्के. त्यातही क्रम लावायचा झाला तर पहिला मान लडाखमधल्या पूगाचा. तिथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर झरे अक्षरशः उकळतात, भोवतालची हवा गोठवणारी आहे आणि हिवाळ्यात उबेची गरज विजेइतकीच मोठी आहे. गरम-गार फरकाचे जे गणित कोकणात उणे पडते ते पूगात जमते. तरीही भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तिथे काम सुरू केले, ओएनजीसीने १ मेगावॅटच्या पहिल्या टप्प्याचा करार केला तो २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी विवरातले गरम पाणी पूगाच्या नाल्यात वाहून काम अडखळले. देशातल्या सर्वांत चांगल्या जागेची ही कथा असेल तर मर्यादित पैसा आणि मोजके तज्ज्ञ कोकणातल्या वीजकेंद्राच्या स्वप्नात गुंतवणे हा पूगावर अन्याय आहे.

मग कोकणाने हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. वरचाच हिशेब उलट बाजूने पाहा. ज्या पाण्यातून तीस किलोवॅट वीज निघते, त्याच पाण्यात साडेआठशे किलोवॅट उष्णता आहे, आणि कोकणात उष्णतेला गिऱ्हाईक आहे. रातांबे पिकतात ते पावसाच्या तोंडावर; सरी लवकर आल्या की आमसुले वाळत नाहीत आणि माल कुजतो. मासळी, फणसाचे गरे, परतीच्या पावसात भिजलेला भात, या सगळ्यांना पन्नास-साठ अंशांची कोरडी हवा पुरते. तुरळ आणि उन्हवऱ्याचे पाणी ती जवळपास थेट देऊ शकते. मध्ये टर्बाइन नको, परदेशी द्रव नको. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने बॉयलरमध्ये इंधन जाळून वाफ करतात. बॉयलरमध्ये जाणारे पाणी सहा अंशांनी आधीच गरम केले तर इंधनात साधारण एक टक्का बचत होते, हा उद्योगातला रूढ ठोकताळा आहे. तीस अंश मिळाले तर पाच टक्के. जिथे वापरलेली वाफ पाणी होऊन परत येत नाही तिथे ही बचत खरी आहे, आणि ती रोजची आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या भूऔष्णिक धोरणात विजेबरोबर उष्णतेच्या थेट वापरालाही जागा आहे. महाराष्ट्राने त्यातला हाच भाग उचलावा.

यावर दोन शंका उरतात. हे फार किरकोळ आहे, अशी पहिली. किरकोळ आहेच, पण ते होण्याजोगे आहे, आणि एक सुकवणी केंद्र नीट चालले तर त्यातून मिळणारी माहिती दहा घोषणांपेक्षा जास्त किमतीची असेल. दुसरी शंका जास्त मोलाची आहे: झरे कुणाचे? सव असो की राजवाडी, ही कुंडे पिढ्यान्‌पिढ्या आंघोळीची, श्रद्धेची आणि सांधेदुखीवर उतारा शोधणाऱ्यांची जागा आहेत. बेसुमार उपसा केला की ती आटतात. न्यूझीलंडच्या रोटोरुआत घरोघरी बोअर घेतल्याने उष्ण फवारे मंदावले. १९८० च्या दशकात सरकारने मुख्य फवाऱ्याच्या दीड किलोमीटर परिघातले बोअर बंद केले, तेव्हा झरे सावरू लागले. म्हणून थेट वापरालाही अटी हव्यात: कुंडापासून ठरलेले अंतर, पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची सक्ती, वर्षभर तापमान आणि प्रवाह यांची नोंद, आणि ग्रामसभेची संमती. वीजकेंद्राला या अटी पाळणे अवघड जाते, कारण त्याला पोट भरायला खूप पाणी लागते. सुकवणी केंद्राला त्या सहज पाळता येतात.

तेव्हा राज्य सरकारकडे मागणी करायची ती अशी: सव, उन्हेरे, उन्हवरे, तुरळ आणि राजापूर इथे आधी मोजमापाची विवरे घ्या आणि त्यांची तापमाने लोकांसमोर ठेवा, एका तरी झऱ्यावर सहकारी सुकवणी केंद्र चालवून दाखवा, महाडच्या कारखान्यांच्या उष्णतेचा हिशेब करा, आणि कुडपणसाठी खर्च करायचा पैसा भूगर्भात न पुरता तिथल्या तारा, खांब, ओढे आणि छपरांवर लावा. भूऔष्णिक वीज विकसनशील देशाला नक्की उपयोगी आहे, जिथे त्या देशाच्या पोटात ती आहे तिथे. कोकणाच्या पोटात ती नाही. तिथे जे आहे ते मोजून, जपून आणि आहे त्याच रूपात वापरावे.